हवेचा दाब, इंधनाचा हिशेब

टर्बोचार्जर असलेल्या मोटारीत फेरफार करून तिची ताकद वाढवणे हा पैसेवाल्यांचा छंद आहे, असे सहसा मानले जाते. नाशिकच्या बाबतीत मात्र हे मत फारसे टिकत नाही. या शहरात महिंद्राचा वाहनजोडणीचा कारखाना आहे, घाटमाथ्यावर इगतपुरीला त्याच कंपनीचा इंजिनांचा कारखाना आहे, आणि डिझेल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये इंधनाचा फवारा सोडणारी नोझल व इंजेक्टर तयार करणारा बॉशचा कारखाना सातपूरला आहे. कंपनीचे नाव २००८ मध्ये बदलले, तरी जुने नाशिककर त्याला ‘मायको’च म्हणतात. ज्या घरातला एखादा माणूस पाळीवर जाऊन दिवसभर मायक्रॉनमध्ये मापे घेतो, त्या घरात नोझलच्या सुईची बैठक, बार, कॅलिब्रेशन हे शब्द परके नसतात, आणि महामार्गालगत ट्रकच्या पंप-नोझलची कामे करणाऱ्या कारागिरांकडे तर हे ज्ञान बोटांतच असते. ते आजवर बहुतांशी हातातून हातात गेले आहे. त्याची सलग, कारणांसह आणि आकड्यांसह मराठीत मांडणी व्हावी, एवढाच या पुस्तकाचा हेतू आहे.

विषयाच्या मुळाशी एक साधा फरक आहे, आणि तो नीट न कळल्यामुळेच बहुतेक इंजिने फुटतात. पेट्रोल इंजिनात चालक ॲक्सिलरेटर दाबतो तेव्हा तो हवेची वाट उघडत असतो. आत आलेल्या हवेचे मोजमाप करून तिला पुरेल एवढे इंधन देणे, हे इंजिनाचे नियंत्रण करणाऱ्या संगणकाचे, म्हणजे ईसीयूचे काम असते. डिझेल इंजिनात याच्या उलट घडते : तेथे चालक इंधन मागतो, आणि त्या इंधनाला जाळण्याइतकी हवा वेळेवर जमवणे हे टर्बोचार्जरचे काम असते. म्हणून पेट्रोल गाडीत हवा वाढवून इंधन मागे राहिले तर इंजिन जळते, आणि डिझेल गाडीत इंधन वाढवून हवा मागे राहिली तर आधी काळा धूर निघतो व मग टर्बो आणि पिस्टन यांची वेळ येते. पेट्रोल गाडीचे शहाणपण डिझेलला आणि डिझेलचे पेट्रोलला लावणारे सल्लागार गॅरेजमध्ये उदंड भेटतात. या पुस्तकाची दोन भागांत केलेली विभागणी त्यांच्यामुळेच आवश्यक झाली.

टर्बोचार्जर म्हणजे एकाच दांड्याच्या दोन टोकांना बसवलेली दोन पात्यांची चाके. धुराड्याकडे जाणाऱ्या तप्त वायूंच्या झोतावर एक चाक, म्हणजे टर्बाइन, फिरते आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चाक, म्हणजे कंप्रेसर, बाहेरची हवा ओढून दाबाने इंजिनात ढकलते. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. जहाजांच्या मोठ्या डिझेल इंजिनांपासून ती ट्रकमध्ये आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस साब व मर्सिडीझ यांच्या प्रवासी मोटारींत रुळली. हा इतिहास रंजक असला तरी येथे त्यात अधिक रेंगाळण्याचे कारण नाही.

अधिक रेंगाळायला हवे ते ‘बूस्ट’ या राशीवर. डॅशबोर्डवर हौसेने लावलेला मीटर जो आकडा दाखवतो तो भोवतालच्या वातावरणापेक्षा जास्तीचा दाब असतो, तर इंजिनाला प्रत्यक्षात कळतो तो निरपेक्ष दाब, म्हणजे वातावरणाचा दाब आणि बूस्ट यांची बेरीज. समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब साधारण १.०१ बार असतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्यामुळे येथे तो ०.९४ बारच्या आसपास भरतो. मुंबईत १ बार बूस्टवर बसवलेली गाडी कसारा घाट चढून वर आली आणि तिचा बूस्ट निव्वळ स्प्रिंगच्या जोरावर ठरत असेल, तर मीटरची सुई तेथेच थांबेल, पण इंजिनात जाणारी हवा मात्र घटलेली असेल. उलट, ईसीयू निरपेक्ष दाब राखणारा असेल तर तो कमतरता भरून काढण्यासाठी टर्बोला अधिक वेगाने फिरवील : मुंबईत निरपेक्ष २ बार गाठण्यासाठी हवेचा दाब सुमारे १.९८ पट करावा लागतो, तोच नाशिकला सुमारे २.१३ पट करावा लागतो. छोटा टर्बो आधीच आपल्या मर्यादेजवळ चालत असेल तर एवढ्या फरकानेही त्याचा दांडा सुरक्षित वेगाच्या पलीकडे जातो. मुंबईहून किंवा परदेशातून विकत आणलेला तयार नकाशा, म्हणजे ईसीयूतला आकड्यांचा तक्ता, येथे जसाच्या तसा का चालवू नये, याचे हे पहिले कारण.

दुसरे कारण उन्हाचे. हवा दाबली की तापते, आणि तापलेली हवा विरळ होते. म्हणून दाब दुप्पट झाला म्हणजे हवा दुप्पट झाली, हे गणित चुकीचे आहे. वैशाखातल्या दुपारी ४० अंशांची हवा ७० टक्के कार्यक्षमतेच्या कंप्रेसरने दुप्पट दाबापर्यंत नेली, तर ती बाहेर पडताना १३८ अंशांच्या जवळपास तापलेली असते आणि तिचे वस्तुमान दुप्पट न होता जेमतेम दीडपट होते. तीच हवा इंटरकूलरमधून, म्हणजे बाहेरच्या वाऱ्याने थंड होणाऱ्या जाळीतून नेऊन ६० अंशांवर आणली तर तिचे प्रमाण पावणेदोन पटींच्याही पुढे, १.८८ पर्यंत जाते. बूस्टचा स्क्रू पिळण्यापूर्वी इंटरकूलरच्या जाळीतली माती धुवावी, हा सल्ला कोणालाच रोमांचक वाटत नाही. परंतु ताकदीच्या दृष्टीने तो अनेकदा स्क्रूपेक्षा जास्त देतो.

बूस्ट आवरण्याची साधने दोन प्रकारची आहेत. वेस्टगेट हे टर्बाइनला बगल देणारे दार असते. ठरलेला दाब आला की पडद्याच्या डबीतली दांडी ते दार उघडते आणि काही वायू टर्बाइनला न फिरवताच निघून जातात. हाताने बसवायचा स्वस्त बूस्ट कंट्रोलर त्या डबीपर्यंत जाणारा दाबाचा संदेश थोडा गळू देतो, म्हणजे डबीला खरा दाब कळतच नाही आणि दार उशिरा उघडते. ईसीयूच्या ताब्यातला सोलेनॉइड व्हॉल्व्हही हेच करतो, पण वेग, भार आणि तापमान पाहून करतो. दुसऱ्या प्रकारात, ज्याला व्हीजीटी म्हणतात, टर्बाइनभोवतीची पातीच तिरपी-उभी होतात आणि कमी फेऱ्यांनाही वायूंचा झोत जोरात लागतो. एकाच इंजिनावर या दोहोंचा फरक पाहायचा तर पुण्याजवळच्या रांजणगावात पूर्वी तयार होत असलेले फियाटचे १२४८ सीसीचे मल्टीजेट घ्यावे : साध्या टर्बोसह ते ७५ अश्वशक्तीच्या घरात होते आणि व्हीजीटीसह ९० च्या घरात. साध्या टर्बोच्या गाडीवर निव्वळ संगणकाच्या आधारे ९० गाठू पाहणाऱ्याने कंपनीने तेथे टर्बो का बदलला, याचा क्षणभर विचार करायला हरकत नाही.

डिझेलच्या बाबतीत नाशिकची परंपरा जुनी आणि काहीशी खोडकर आहे. यांत्रिक पंपाच्या काळात ‘डिझेल वाढवणे’ म्हणजे पंपाचे सील तोडून इंधनाची कमाल मर्यादा ठरवणारा स्क्रू फिरवणे, एवढेच होते. टर्बोच्या ट्रकांवरील पंपाच्या माथ्यावर बूस्ट कॉम्पेन्सेटर नावाची एक डबी असे. तिच्यातला रबरी पडदा बूस्टच्या दाबाने खाली जाई आणि जेवढा खाली जाई तेवढेच जास्तीचे डिझेल पंपाला सोडू देई. टर्बो अजून वेगात आला नसताना, म्हणजे हवा येण्यापूर्वी, इंधन येऊ नये यासाठीची ती तरतूद होती. घाटात ‘पिकअप’ मिळावा म्हणून ती डबी निकामी करणारे कारागीर होते, आणि गाडी ओढते खरी, असे सांगणारे ड्रायव्हरही होते. मागच्या वाहनाला काय दिसत असे ते मात्र निराळे.

कॉमन रेल पद्धतीत हेच काम पडद्याऐवजी आकडे करतात. रेल म्हणजे सर्व इंजेक्टरांना समान दाबाने डिझेल पुरवणारी जाड नळी, आणि त्या नळीतला दाब १६०० बार किंवा त्याहून अधिक असतो. नोझलच्या टोकाची छिद्रे मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असतात, सुई आणि तिचे घर यांच्यातली फट काही मायक्रॉनची असते, आणि विजेच्या संदेशाने ती सुई एकाच फेरीत अनेकदा उघडते-मिटते. किती वेळ उघडायची, हे ईसीयूतले तक्ते ठरवतात. त्या तक्त्यांना ट्यूनिंगच्या व्यवहारात ‘नकाशे’ आणि ते बदलण्याला ‘रीमॅप’ म्हणतात. त्यांतला एक नकाशा धुराचा असतो : आत आलेली हवा इतकी असेल तर इंधन याहून जास्त द्यायचे नाही, अशी ती मर्यादा. जुन्या डबीतल्या पडद्याचाच तो वारस आहे, आणि घाईत काम करणारा ट्यूनर सर्वांत आधी हात घालतो तोही त्यालाच.

२००८ मध्ये स्कॉर्पिओत आलेले महिंद्राचे २१७९ सीसीचे एमहॉक इंजिन या संदर्भात उद्बोधक आहे. व्हीजीटी टर्बोसह त्याची ताकद १२० अश्वशक्ती आणि टॉर्क २९० न्यूटन-मीटर होता. २०११ च्या एक्सयूव्ही ५०० मध्ये त्याच क्षमतेचे इंजिन १४० अश्वशक्ती आणि ३३० न्यूटन-मीटर देऊ लागले. कंपनीने स्वतःच वाढवलेल्या या वीस अश्वशक्तींमुळे ‘इंजिनात अजून खूप शिल्लक आहे’ हा समज गॅरेजमध्ये पक्का झाला. तो सर्वस्वी खोटा नाही. पण कंपनीची वाढ थंडी, ऊन, घाट, ओव्हरलोड आणि लाखभर किलोमीटर यांचा हिशेब करून केलेली असते, तर बाजारातली वाढ रिकाम्या रस्त्यावरच्या दोन फेऱ्यांवर जोखली जाते.

त्यातही ‘ट्यूनिंग बॉक्स’ या नावाने विकल्या जाणाऱ्या डबीबद्दल येथेच स्पष्ट बोललेले बरे. ती रेलच्या दाबाचा सेन्सर आणि ईसीयू यांच्यामध्ये बसते आणि दाब प्रत्यक्षापेक्षा कमी आहे असे ईसीयूला भासवते. बिचारा ईसीयू तो वाढवतो, आणि तेवढ्याच वेळेत नोझलमधून जास्त डिझेल निघते. वाढलेल्या इंधनाची खबर ईसीयूला नसल्यामुळे धुराची मर्यादा, टॉर्कची मर्यादा आणि इंधनखर्चाचा आकडा, सर्वच खोट्या पायावर उभे राहतात. मायक्रॉनच्या फटी जपून केलेल्या नोझलशी ही अशी वागणूक नाशिकमध्ये तरी होऊ नये, असे वाटणे स्वाभाविक आहे.

डिझेलमध्ये हवा आणि इंधन यांचे वस्तुमानी प्रमाण साधारण १८ च्या खाली उतरू लागले की धूर दिसू लागतो. त्याहून महत्त्वाचे मोजमाप म्हणजे टर्बाइनपूर्वीच्या वायूंचे तापमान. साडेसातशे अंशांच्या पुढे ते दीर्घकाळ राहणे सामान्य मोटारीच्या ॲल्युमिनियम पिस्टनला व टर्बोला धोक्याचे मानले जाते. सपाट रस्त्यावरच्या क्षणिक वेगात हा आकडा चढतो आणि उतरतो; वणीच्या सप्तशृंगी गडाच्या चढावर, पाच माणसे आणि एसीसह, तो चढतो आणि तेथेच राहतो. म्हणून बदललेल्या डिझेल गाडीची खरी परीक्षा शंभरचा वेग किती सेकंदांत गाठते यात नसून लांब चढावर तापमान कोठे स्थिरावते यात आहे.

पेट्रोल गाड्यांचा भाग नाशिकमध्ये नंतर आला, पण झपाट्याने वाढला. रांजणगावची लिनिया टी-जेट, चाकणची पोलो जीटी टीएसआय आणि त्यांच्यामागून आलेल्या छोट्या टर्बो-पेट्रोल गाड्यांनी तरुण मालकांचा एक वर्ग तयार केला. येथे शत्रू धूर नसून ‘नॉक’ आहे : ठिणगीने सुरू झालेली ज्योत पसरत असतानाच उरलेले मिश्रण उष्णता व दाबामुळे आपोआप भडकते आणि पिस्टनच्या माथ्यावर हातोड्यासारखे घाव बसतात. शुद्ध पेट्रोलच्या संपूर्ण ज्वलनाला १४.७ भाग हवेला १ भाग इंधन हे प्रमाण पुरते, परंतु पूर्ण बूस्टवर ते १२ च्या आसपास, म्हणजे मुद्दाम इंधनाकडे झुकलेले ठेवतात; जास्तीचे इंधन बाष्प होताना ज्वलनकक्ष थंड राखते. बूस्ट वाढवून हे प्रमाण राखता आले नाही, किंवा राखूनही ठिणगी मागे घेतली नाही, तर मालकाच्या कानाला ऐकू येण्यापूर्वीच नुकसान झालेले असते.

इंधन मागे कसे राहते, हे एका उदाहरणाने जवळून पाहण्यासारखे आहे. इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवा सिलिंडरांत वाटणाऱ्या नळीत फवारा मारणाऱ्या इंजेक्टरच्या मागे ३ बार दाब आहे आणि पुढे, मॅनिफोल्डमध्ये, १ बार बूस्ट आहे असे धरले, तर इंजेक्टरच्या दोन बाजूंतला खरा फरक २ बारच उरतो. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे तो मूळच्या सुमारे ८२ टक्क्यांवर येतो. म्हणजे हवा दुपटीकडे गेली त्याच क्षणी इंजेक्टर दुबळा झाला. यासाठी इंधनदाबाच्या रेग्युलेटरला मॅनिफोल्डमधून एक बारीक नळी जोडलेली असते, जिच्यामुळे बूस्ट जितका वाढेल तितकाच इंधनाचा दाबही वाढतो. ती नळी निसटली, चिरली किंवा कोणी विसरले, तर हजारो रुपयांचा नकाशा तेथेच व्यर्थ जातो. शिवाय इंजिन मिनिटाला ६००० फेऱ्यांनी फिरताना एका सिलिंडरच्या पूर्ण चक्राला २० मिलिसेकंदच मिळतात. इंजेक्टर त्यांतले १७ मिलिसेकंद उघडा राहू लागला की तो ८५ टक्के व्यापला गेला असे म्हणतात, आणि त्यापुढे त्याच्याकडून नेमकेपणाची अपेक्षा करण्यात अर्थ नसतो. मोठा इंजेक्टर, सशक्त पंप, की बूस्टची मर्यादा, हा निर्णय या आकड्यावर अवलंबून असतो. थेट सिलिंडरमध्ये फवारा मारणाऱ्या टीएसआयसारख्या इंजिनांत हा अवकाश आणखी आखूड असतो.

इथेनॉलने या हिशेबात नवी भर घातली आहे. उसाच्या महाराष्ट्रात इथेनॉल ही परकी वस्तू नव्हे; पण निव्वळ इथेनॉलला हवा-इंधनाचे प्रमाण सुमारे ९ लागते, आणि २० टक्के मिश्रणात ते १३.५ च्या जवळ येते. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन द्यावे लागते, आणि जो इंजेक्टर आधीच काठावर होता तो या मिश्रणावर अपुरा पडतो. दुसरीकडे, इथेनॉल नॉकला चांगला विरोध करते आणि बाष्प होताना अधिक उष्णता शोषते, ही टर्बो इंजिनाच्या फायद्याचीच गोष्ट आहे. जुन्या पेट्रोलवर लिहिलेला नकाशा नव्या पेट्रोलवर चालवणाऱ्याला तोटा पूर्ण आणि फायदा अर्धा मिळतो.

स्पर्धेच्या जगाने हवा रोखण्याची युक्ती फार पूर्वीच शोधली. नाशिकच्या परिसरातील मातीच्या रस्त्यांवर राष्ट्रीय रॅली स्पर्धेच्या फेऱ्या झालेल्या आहेत, आणि जागतिक रॅलीत टर्बो गाड्यांच्या कंप्रेसरपुढे ३३ मिलिमीटर व्यासाचे, २०१७ मध्ये ३६ मिलिमीटर झालेले, अरुंद कडे बसवण्याचा नियम राहिला. त्या कड्यातून हवेचा वेग ध्वनीच्या वेगाइतका झाला की बूस्ट कितीही वाढवला तरी अधिक हवा जात नाही. कोणत्याही चर्चेपेक्षा हे कडे एक गोष्ट नेमकी दाखवते : ताकदीला वस्तुमान लागते, दाब हे त्याचे केवळ एक चिन्ह आहे.

कायद्याची बाजू टाळता येण्यासारखी नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात नमूद असलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ काटेकोरपणे लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये अशा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंडाची तरतूद झाली. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-सहा डिझेल गाड्यांतील काजळीचा फिल्टर काढून टाकण्याचे कृत्य तर कायद्याच्या आणि शेजाऱ्यांच्या फुप्फुसांच्या दृष्टीने सारखेच असमर्थनीय आहे. त्याची पद्धत या पुस्तकात दिलेली नाही आणि पुढच्या आवृत्तीतही दिली जाणार नाही. येथील विवेचन स्पर्धेच्या, बंदिस्त ट्रॅकवरच्या गाड्यांसाठी आणि मूळ स्थितीतल्या गाडीचे निदान करणाऱ्यांसाठी आहे.

निदानाला पहिले प्रकरण दिले आहे, हे काही वाचकांना खटकेल. परंतु ‘ताकद वाढवून द्या’ म्हणून येणाऱ्या कित्येक गाड्यांची मूळचीच ताकद हरवलेली असते : इंटरकूलरचा होज क्लिपजवळ चिरलेला असतो, हवेचा फिल्टर रस्त्याच्या धुळीने चोंदलेला असतो, डिझेल फिल्टरमधले पाणी काढलेले नसते, किंवा व्हीजीटीची पाती काजळीने जाम झालेली असतात. हवेच्या मार्गात कमी दाबाने धूर सोडून गळती शोधण्याची रीत त्या प्रकरणात सविस्तर आहे, आणि तिला लागणारे साहित्य कोणत्याही गॅरेजमध्ये जमते. त्यानंतरची प्रकरणे नोंदी वाचण्याविषयी आहेत. ईसीयूतून काढलेल्या नोंदीत इंजिनाच्या फेऱ्या, मागितलेला बूस्ट, मिळालेला बूस्ट आणि इंधनाचा दाब हे चार स्तंभ किमान असावेत. पेट्रोलला त्यांच्या जोडीने हवा-इंधनाचे प्रमाण आणि नॉकमुळे मागे घेतलेली ठिणगी, तर डिझेलला वायूंचे तापमान. मागितलेला आणि मिळालेला बूस्ट यांच्यात सतत अंतर दिसले तर दोष हवेच्या मार्गात किंवा टर्बोत शोधावा; बूस्ट जुळतो पण वरच्या फेऱ्यांना इंधनाचा दाब उतरत जातो असे दिसले, तर फिल्टर बदलून, पंपाला भाराखाली मिळणारे व्होल्टेज मोजून आणि रेग्युलेटरची नळी तपासून मगच नकाशाला हात लावावा.